घड्याळ घरातले, किल्ली परगावी

समजा, पौडमधील एक घर. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. रमजान सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी त्याने अम्मीसाठी एक ‘स्मार्ट’ घड्याळ आणले. सहरीला उठवणारे, पाचही नमाजांच्या वेळी अजान ऐकवणारे, तारखेप्रमाणे वेळा आपोआप बदलणारे. खोक्यावरचे चित्र पाहून अम्मी खूश झाल्या.

घड्याळ बसवण्यात मात्र अख्खी दुपार गेली. आधी मोबाइलमध्ये ॲप घ्यायचे. मग ई-मेल देऊन खाते उघडायचे. अम्मींचा ई-मेल नाही, म्हणून मुलाने स्वतःचा दिला. मग ओटीपी. मग ॲपने ठिकाणाची, मायक्रोफोनची आणि फोनमधील नंबरांच्या यादीची परवानगी मागितली. ती दिल्यावरही घड्याळ वाय-फाय पकडेना. तासाभराने कळले की त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल कळतो आणि मुलाचा फोन ५ गिगाहर्ट्‌झवर जोडलेला आहे. संध्याकाळी एकदाची अजान ऐकू आली.

चौथ्या रोजाच्या रात्री वीज गेली. तासाभराने परत आली, पण इंटरनेट आले नाही. घड्याळ सुरू झाले आणि वेळ विचारायला त्याने इंटरनेट शोधले. ते सापडले नाही. मग रात्रभर एकच ओळ त्याच्या पडद्यावर लुकलुकत राहिली, ‘कृपया लॉग-इन करा’. सहरीचा गजर वाजलाच नाही.

पहाटे शेजारचे दूधवाले भाऊ कॅन घेऊन निघाले. रोज या घरात या वेळी दिवा असतो, आज अंधार. त्यांनी कडी वाजवली. ‘भाभी, आज उठायचं नाही का? दिवा दिसला नाही म्हणून हाक मारली.’ सहरी संपायला दहा मिनिटे उरली होती. दोन खजूर आणि पेलाभर पाणी, एवढ्यावर घरातल्यांनी रोजाची नियत केली.

हे घर कल्पनेतले आहे. त्यातली अडचण मात्र कल्पनेतली नाही. घड्याळ, दिवा, पंखा, पाण्याची मोटर, दाराचे कुलूप, कॅमेरा, वजनकाटा, दातांचा ब्रशसुद्धा आता ॲप मागतो, खाते मागतो, इंटरनेट मागतो. पैसे मोजून आणलेली वस्तू आपल्याच घरात आपल्यालाच ओळख विचारते.

दोन हातांवरचा दिवा, हजार मैलांचा फेरा

ॲपमधील बटण दाबले की फोन समोरच्या दिव्याला हुकूम देतो, असे आपल्याला वाटते. अनेक उपकरणांत तसे होत नाही. फोनचा निरोप इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तो संगणक मुंबईत असेल किंवा परदेशात असेल. तिथे खाते तपासले जाते, आणि मग निरोप उलटा आपल्या घरात येऊन दिवा लागतो. सारे क्षणार्धात होते म्हणून हा फेरा जाणवत नाही. वाटेतला एक दुवा तुटला की मात्र जाणवतो.

मुळशी तालुक्याला हा फरक इतरांपेक्षा लवकर कळावा. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान पार्क याच तालुक्यात आहे. जगभरच्या कंपन्यांची ॲप आणि संगणकप्रणाली तिथल्या काचेच्या इमारतींत लिहिल्या जातात. त्याच तालुक्यात धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणी घाटाकडे निघाले की डोंगराच्या आड फोनची रेंज येते-जाते. पावसाळ्यात ताम्हिणीचा पाऊस सुरू झाला की वीज गेल्याचेही नवल वाटत नाही. तलावाकाठच्या बंगल्यांना शहरातील मालकांनी स्मार्ट कुलपे आणि कॅमेरे बसवले, तरी बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसाच्या हाती साधी किल्ली नसेल, तर रेंज गेल्यावर तो दाराबाहेरच उभा राहणार. शहरातील टेबलावर बसून बनवणाऱ्याने ‘इंटरनेट असणारच’ हे गृहीत धरलेले असते. ते गृहीत घाटात टिकत नाही.

आणि ते नेहमी शहरातही टिकत नाही. मागच्या वर्षी ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ॲमेझॉन कंपनीच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील संगणककेंद्रांच्या सेवेत बिघाड झाला. जगभरातील असंख्य संकेतस्थळे आणि ॲप काही तास अडखळली. त्यात ‘एट स्लीप’ या कंपनीचे महागडे पलंगही होते. त्यांची गादी थंड-गरम होते, पाठ वर-खाली होते, पण हे सारे इंटरनेटमार्फत. त्या रात्री काहींची गादी तापतच राहिली, काहींचा पलंग उठलेल्या पाठीनिशी अडकून बसला. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि पुढे इंटरनेट नसतानाही ब्लूटूथवरून पलंग चालेल अशी सोय केली. म्हणजे ती सोय करणे शक्य होते, फक्त आधी कुणाला गरज वाटली नव्हती.

कंपनी मिटली की वस्तू मिटते

बिघाड काही तासांत दुरुस्त होतो. कंपनीने सेवा कायमची बंद केली तर? ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे एक यंत्र होते. घरातील दिवे, कुलपे, उपकरणे एका ठिकाणाहून चालवणारे, सुमारे ३०० डॉलर किमतीचे. गुगलच्या समूहातील नेस्ट कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा थांबवली. यंत्रात एकही भाग बिघडलेला नव्हता, तरी त्या दिवसापासून ते निरुपयोगी डबा झाले. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील ‘इन्स्टिऑन’ कंपनीचे संगणक पूर्वसूचना न देता बंद पडले, तेव्हाही हजारो घरांची ॲप अशीच मुकी झाली.

याच नेस्टचे दुसरे उदाहरण मात्र वेगळे धडा देते. घराचे तापमान राखणाऱ्या तिच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची ऑनलाइन सेवा २५ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. फोनवरून चालवणे बंद झाले, पण भिंतीवरची चकती हाताने फिरवली की तापमान अजूनही बदलते. कंपनी तीच, काळही फार वेगळा नाही. एका यंत्रावर हाताने चालणारी चकती होती, दुसऱ्यावर नव्हती. वस्तू जगणार की मरणार हे तेवढ्यावर ठरले.

कंपन्या असे का करतात, याची कारणे गूढ नाहीत. यंत्रावर पडदा आणि बटणे बसवायला खर्च येतो. ग्राहकाच्या खिशातला फोन फुकट मिळतो. खाते उघडले की ग्राहक कोण, कुठे राहतो, वस्तू कधी वापरतो हे कळते. एकदाच विकायच्या वस्तूला पुढे महिन्याचे भाडेही लावता येते. काही कारणे रास्तही आहेत. इंटरनेटला जोडलेल्या वस्तूला सुरक्षेच्या सुधारणा वेळोवेळी द्याव्याच लागतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने ताब्यात घेतले. त्यांच्यामार्फत त्या वर्षी २१ ऑक्टोबरला झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास उघडेनात. जोडलेली पण बेवारस वस्तू मालकाला निरुपयोगी आणि इतरांना धोकादायक होते.

दूरवरचा हुकूम, पण साध्या फोनवर

दुरून वस्तू चालवता येणे ही चैन नाही, कित्येकांची गरज आहे. परगावच्या मुलाला आईवडिलांच्या घरातला कॅमेरा धीर देतो. शेतकऱ्याला तर ही गरज सर्वांच्या आधी कळली. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते. अंधारात, चिखलातून, विंचू-सापाच्या भीतीत मोटर चालू करायला जायचे, आणि पोचेपर्यंत वीज गेलेली असायची.

या अडचणीवर पुण्यातलेच एक अभियंता संतोष ओस्तवाल यांनी उपाय काढला. म्हाताऱ्या आजोबांना मोटरसाठी शेतापर्यंत पायपीट करताना त्यांनी पाहिले होते. त्यातून ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार झाले. मोटरच्या स्टार्टरला मोबाइलवर चालणारे यंत्र जोडायचे. शेतकऱ्याने आपल्या साध्या, बटणांच्या फोनवरून त्याला फोन लावायचा. वीज आहे की नाही ते कळते, आणि ठरलेले आकडे दाबले की मोटर चालू किंवा बंद होते. नोकियाच्या नवकल्पनांच्या स्पर्धेत या यंत्राला पुरस्कार मिळाला. गावोगावी ‘मोबाइल स्टार्टर’ हा शब्द आज ठाऊक नाही असा बागायतदार विरळा.

या यंत्रालाही नेटवर्क लागते, पण साध्या फोनचे. त्यासाठी महागडा फोन नको, ई-मेल नको, इंग्रजी वाचता यायला नको. रेंज नसली तर शेतावर जाऊन स्टार्टरचे हिरवे बटण दाबता येतेच. वापरणाऱ्याची गरज आधी पाहिली की यंत्र असे होते.

वेळ आकाशाची, परवानगी कुणाची?

रमजानच्या वेळांचेच पाहा. सहरी पहाटेच्या पहिल्या उजेडाला संपते, इफ्तार सूर्यास्ताला होतो. ही वेळ ठरवायला अक्षांश, रेखांश आणि तारीख एवढेच लागते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, हा हिशेब शाळेत सर्वांनीच शिकलेला असतो. मुंबई आणि पुणे यांच्यात साधारण एका अंशाचे अंतर, म्हणून पुण्यात सूर्य सुमारे चार मिनिटे आधी मावळतो. मुळशी मध्ये, म्हणून पुण्याच्या मागे मिनिट-दीड मिनिट. वेळापत्रक करणारे याच कारणाने काही मिनिटांची सावधगिरी ठेवतात.

दमास्कसच्या उमय्या मशिदीत वेळा पाहण्याचे काम करणारे खगोलशास्त्रज्ञ इब्न अल्-शातिर यांनी चौदाव्या शतकात तिथल्या मिनारासाठी अप्रतिम सूर्यघड्याळ बनवले होते. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात घटिकापात्र सोडत. आज दुकानदार वाटतात ते सहरी-इफ्तारचे छापील वेळापत्रकही त्याच जातीचे. महिनाभराच्या वेळा एका कागदावर, भिंतीवर चिकटवला की झाले. तो कागद आपले नाव विचारत नाही. फोनलाही हाच हिशेब स्वतःचा स्वतः, इंटरनेटविना करता येतो. ‘पुणे’ एवढे शहर निवडले की पुरे.

तरीही नमाजाच्या वेळा सांगणारी कित्येक ॲप फोनचे नेमके ठिकाण मागतात. त्याचे काय होऊ शकते हे नोव्हेंबर २०२० मध्ये जगाने पाहिले. ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्त-संकेतस्थळाने उघड केले, की ‘मुस्लिम प्रो’ या कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या ॲपमधील ठिकाणांची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते. ॲपच्या कंपनीने सैन्याला थेट माहिती विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीला प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. नमाजाची वेळ पाहण्यासाठी फोन उघडणाऱ्या माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

इस्लाममध्ये ‘अमानत’ या शब्दाला फार वजन आहे. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. ज्याच्याकडे ती ठेवली त्याने ती जपायची, मालकाला विचारल्याशिवाय वापरायची नाही, मागताच परत द्यायची. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना मक्केचे लोक प्रेषित होण्याआधीपासून ‘अमीन’, म्हणजे ठेव जपणारा, या नावाने ओळखत. आपले ठिकाण, आपला नंबर, आपण कधी उठतो-झोपतो याची माहिती ही आजची अमानत आहे. घड्याळाच्या बदल्यात ती विकत दिलेली नसते.

ओले धान्य वर ठेवा

हदीसमध्ये बाजारातला एक प्रसंग आहे. पैगंबर (स.) धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी आत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले बोटांना ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. मग ते भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. भिजलेले धान्य विकू नको, असा आक्षेप नव्हता. ते झाकून विकण्याला आक्षेप होता. घेणाऱ्याला पाहून ठरवू दे, एवढेच मागणे होते.

आजच्या खोक्यावर कोरडे धान्य वर असते: चकचकीत चित्र, ‘स्मार्ट’ हा शब्द, सवलतीची किंमत. खाते लागेल, इंटरनेटशिवाय चालणार नाही, सेवा किती वर्षे मिळेल ते सांगता येत नाही, हे ओले धान्य आतल्या बारीक अक्षरांत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तूंची माहिती तपासली. त्यापैकी १६३ वस्तूंच्या संकेतस्थळावर, म्हणजे शंभरातल्या जवळपास ८९ वस्तूंबाबत, सुधारणा किती काळ मिळतील याचा उल्लेखच नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला. तिथे अशा वस्तूंना सहज ओळखता येणारा सरसकट पासवर्ड देता येत नाही, आणि सुरक्षेच्या सुधारणा किमान कधीपर्यंत मिळतील ते विक्रेत्या कंपनीला आधीच सांगावे लागते.

आपल्याकडेही ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूच्या दर्जाविषयी माहिती मिळण्याचा हक्क देतो. दुकानदाराने बिलासाठी मोबाइल नंबरचा हट्ट धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये काढली. दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू झाले. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कामापुरतीच माहिती मागण्याचे बंधन घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण वस्तू किती वर्षे चालती ठेवणार, हे खोक्यावर ठळक छापा, असे थेट बंधन ग्राहकांनी मागितल्याशिवाय येणार नाही.

मुळशीचा जुना प्रश्न

वस्तू कुठे आहे आणि तिचा ताबा कुणाकडे आहे, हा प्रश्न मुळशीला नवा नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. धरण तरीही झाले. मुळा नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिरा येथे उतरते, त्यावर वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. गावे बुडाली ती इथली, बटण राहिले दुसरीकडे. जमीन गमावणे आणि घड्याळ बंद पडणे यांची तुलना होत नाही. तरीही त्या शेतकऱ्यांचे एक म्हणणे आज छोट्या प्रमाणात प्रत्येक घराला लागू पडते: ज्याचे आहे, त्याला आधी विचारा.

ईदची खरेदी आता जोरात आहे. नव्या कपड्यांबरोबर, शेवयांबरोबर घरात एखादे यंत्रही येईल. दुकानात उभे राहून चार प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नये. इंटरनेट बंद असताना हे चालेल का? खाते न उघडता चालेल का? हाताने चालवायचे बटण आहे का? कंपनी किती वर्षे सांभाळणार, आणि ते लेखी आहे का? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर त्याने खोके उघडून, वाय-फाय बंद करून समोर चालवून दाखवावे. धान्याच्या ढिगात हात घालण्याचा हा आजचा प्रकार. आणि घरात म्हातारी माणसे असतील, तर त्यांना फोनशिवाय चालवता येते की नाही हे त्यांच्याच हातांनी पाहावे.

पौडच्या त्या घरातील मुलाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातून साधे गजराचे घड्याळ आणले. एक सेल, मागे एक किल्ली. स्मार्ट घड्याळ त्याने फेकले नाही. इंटरनेट असते तेव्हा त्याची अजान अम्मींना आवडते. किराणा दुकानातून मिळालेले वेळापत्रक त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवले. पुढच्या पहाटे गजर वाजला, दिवा लागला. दूधवाले भाऊ कॅन घेऊन निघाले, खिडकीतला उजेड पाहिला, आणि कडी न वाजवता पुढे गेले.